शर्मिला रेगे आणि आपलं सोलापूर

एकांनी लिहिलंय की लिंगभाव अभ्यासाच्या (म्हणजे बाई-पुरुष हा भेद समाज कसा घडवतो, याच्या अभ्यासाच्या) प्राध्यापक इंग्रजी नियतकालिकांत लिहितात, पुरस्कार घेतात, सोलापुरातल्या बाईला त्याचं काय? मला हे अजिबात पटत नाही.

पुणे विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगेंचंच बघा. 2006 साली त्यांचं 'रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर' आलं, त्याच वर्षी विकासविषयक अभ्यासासाठीचा माल्कम आदिशेषय्या पुरस्कारही मिळाला. त्या पुस्तकात कुणाचं आयुष्य आहे? शांताबाई कांबळेंचं! सांगोला तालुक्यातल्या महूदच्या, आपल्याच जिल्ह्यातल्या शिक्षिका. 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिणाऱ्या. दलित बाईचं आत्मकथन वाचून हळहळायचं आणि मिटून ठेवायचं, ही आपली सवय. रेगेंनी ते जात आणि लिंगभाव समजून घेण्याचं ज्ञान म्हणून वाचलं, वर्गात शिकवलं. आपल्याकडच्या किती अभ्यासक्रमांत शांताबाई अशा आल्या?

लावणीवरचा त्यांचा 1995 चा लेखही तसाच. लावण्या रचणाऱ्या सोलापूरच्या शाहीर राम जोशींचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. पण फडावर नाचणाऱ्या बाईची जात कोणती, तिच्या शृंगारावर हक्क कोणी सांगितला, लाज मात्र तिच्याच पदरात का, हे आपण विचारलं नाही. रेगेंनी विचारलं. मोडनिंबची लावणीची कलाकेंद्रं आपल्याच जिल्ह्यात असताना हा प्रश्न आपल्याला परका कसा?

2013 मध्ये, पन्नाशीही गाठायच्या आत त्या गेल्या. त्यांचं बरंचसं लेखन इंग्रजीत अडकलंय, ही तक्रार मात्र रास्त आहे. निदान हा लावणीवरचा लेख तरी सोलापूर विद्यापीठातल्या कुणी मराठीत आणायला घ्यावा. वाचून दाखवायला मी येईन.