गिरनार : आईला घेऊन जायचंय, रोपवे झाल्यापासून खरंच सोपं झालंय का?

पायरीमोजणी
नमस्कार मंडळी. आई ६४ वर्षांची, गुडघे कुरकुरतात पण रोज पर्वतीला अर्ध्यापर्यंत जाऊन येते. गेली दहा वर्षं "एकदा गिरनार, मग काही मागणार नाही" चाललंय. आता रोपवे झालाय तर सगळे म्हणतात दहा मिनिटात वर, म्हणजे शिखरावरच्या दत्तांच्या पादुकांपर्यंत जातो का तो? शिवाय तिला सोमवारची धुनीच बघायचीय. आणि कमंडलूची गोष्ट नक्की काय आहे, ती मला वेगळी सांगते आणि मावशी वेगळी.

जय_गिरनारी_नाशिक
नाही हो, इथेच सगळे फसतात. रोपवे (२०२० च्या ऑक्टोबरात सुरू झाला) फक्त अंबाजीच्या देवळापर्यंत, म्हणजे साधारण ५००० पायऱ्या वाचतात. एकूण दहा हजार म्हणतात, म्हणजे अर्धं काम तुमच्याच पायांनी. आणि पुढचा अर्धा भाग सरळ चढ नाही, अंबाजीवरून खाली उतरा, गोरक्षनाथांच्या शिखरावर चढा, परत खाली उतरा आणि मग दत्तशिखर. येताना तेच उलटं. गडावरून परतताना कसं "आता उतारच आहे" म्हणून जीवात जीव येतो ना, तसं इथे नाही, परतीतही घाम काढणारा चढ आहेच. गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त छळतो, तेव्हा काठी तळेटीलाच (पायथ्याशी) घ्या.

दुसरं, वारा सुटला की रोपवे बंद. आमच्या वेळी अडीच तास बसलो, आणि टूरवाला आधी "गॅरंटी" देत होता. एक दिवस हातात जास्तीचा ठेवा.

सह्याद्रीतला_आळशी
रोपवेने गेलात तर नेमिनाथांची जैन देरासरं (मंदिरं) राहून जातात बरं का, ती अंबाजीच्या खाली, चार हजाराच्या आसपास आहेत. काय कोरीवकाम आहे! लग्नाच्या वरातीत मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून नेमिनाथ तसेच मागे फिरले आणि गिरनारवर आले, ही जैनांची कथा मला तरी फार आवडते. तळेटीकडे जाताना अशोकाचा शिलालेखही बघा, त्याच खडकावर रुद्रदामन आणि स्कंदगुप्ताचेही लेख आहेत, एकाच दगडावर तीन राजवटी आणि लोक रिक्षातून सुसाट पुढे जातात.

माईची_लेक
कमंडलूची आमच्या घरात सांगतात ती गोष्ट अशी : दत्तगुरू शिखरावर समाधीत, खाली दुष्काळ, लोक तहानेने तडफडतायत. अनसूयामातेने हाक मारली, समाधी उतरताना हातातला कमंडलू निसटून खाली पडला आणि त्याचे दोन भाग झाले. एक पडला तिथे पाणी उसळलं, दुसऱ्याच्या जागी अग्नी प्रकटला. पाण्याचं ते कुंड, अग्नीची ती धुनी. मावशी बहुतेक यातलीच अर्धी सांगत असणार.

आणि गोरक्षनाथांचं शिखर गुरूंच्या, म्हणजे दत्तांच्या, शिखरापेक्षा उंच कसं, हा प्रश्न आई वाटेत विचारणारच, गोरखशिखर गुजरातमधलं सगळ्यात उंच ठिकाण आहे. तर म्हणे नाथांनी मागितलं होतं की मला गुरूंच्या पादुका कायम दिसतील अशी जागा द्या. खाली बघायचं तर वरच बसायला हवं ना 🙂

धुनी सोमवारी सकाळी लवकर असते. पिंपळाची लाकडं रचतात आणि ती आपोआप पेटतात अशी श्रद्धा आहे. पहिल्या रोपवेने निघालात तरी चुकेल, त्यासाठी रात्रीच पायी निघावं लागतं. गोरखशिखर उतरल्यावर दोन कमानी लागतात, एक वर पादुकांकडे, दुसरी खाली कमंडलूकडे. आधी पादुका करा, मग खाली प्रसादाला बसा. उलटं केलंत तर जेवून चढ, आणि मग काठीलाही ऐकू येतील अशा शिव्या 😀

पायरीमोजणी
बापरे, मी तर दोन तासात उरकेल असं धरून चालले होते. आईला वाचून दाखवलं. डोली म्हटल्यावर भडकलीच, "देवाला काय खुर्चीत बसून जाऊ?" मी म्हटलं मग धुनी सोड, ती म्हणे बघू. मंगळवारी रोपवे आणि बुधवार राखीव असं तूर्तास ठरलंय.

जय_गिरनारी_नाशिक
बघू म्हणाली म्हणजे रविवारी रात्री निघणार ती. बॅटरी दोन घ्या.