मदत हवी आहे: डिस्चार्ज कार्डावर ‘हेमिप्लेजिया’ लिहिलंय, मराठीत नेमकं काय म्हणायचं?

खाडिलकर_रोड:
बाबांना (वय ७१) मेंदूच्या उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झटका आला. परवा घरी सोडणार आहेत. कार्डावर ‘लेफ्ट हेमिप्लेजिया, पॉवर अप्पर लिंब ०/५, लोअर लिंब २/५’ असं आहे. घरात कोणी लकवा म्हणतंय, कोणी अर्धांगवायू. रुग्णाची देखभाल करणाऱ्या बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडून दिवसपाळीला मावशी येतील, त्यांच्यासाठी पलंगाशेजारी मराठीत सूचना लावायच्या आहेत. ‘डाव्या बाजूची हालचाल बंद’ एवढं लिहिलं तर चालेल का? चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही.

शब्दांकित:
हेमिप्लेजिया म्हणजे अर्धांगवायू. पक्षाघात हा त्याचाच पुस्तकी शब्द. लकवा बोलण्यात दोन्हीकडे वापरतात, अर्ध्या अंगासाठीही आणि नुसत्या तोंडासाठीही, म्हणून सूचनेत तो टाळा. चेहऱ्याची नस सुजून तोंड वाकडं होतं तो आजार वेगळा. त्यात सहसा त्या बाजूच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नाही. मेंदूच्या झटक्यात बहुधा आठी पडते, गाल आणि ओठ तेवढे ओघळतात. कमरेखालचे दोन्ही पाय गेले तर त्यालाही लोक सर्रास अर्धांगवायू म्हणतात, पण तो अधरांगवात.

आता आकडे, कारण खरी माहिती त्यांतच आहे. ० म्हणजे स्नायूत हालचालच नाही. १ म्हणजे स्नायू बोटांखाली किंचित फुरफुरतो, सांधा हलत नाही. २ म्हणजे पाय गादीवर आडवा सरकतो, पण उचलता येत नाही. ३ म्हणजे उचलता येतो, मात्र वरून थोडं दाबलं की पडतो. ४ म्हणजे थोडा दाब सोसतो, ५ म्हणजे पूर्ण ताकद. काटेकोर बोलायचं तर प्लेजिया म्हणजे ताकद पूर्ण गेलेली आणि पॅरेसिस म्हणजे कमी झालेली. त्या हिशेबाने तुमच्या बाबांचा हात गेलाय, पाय अशक्त आहे. ‘हालचाल बंद’ लिहिलंत तर मावशी पाय हलवायला सांगणारच नाहीत, आणि आहे तो पायही वापराविना मागे पडेल.

फिजिओ_परळ:
वरच्या उत्तराला जोड. ‘हलत नाही’ म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, लुळं आहे की ताठर? झटक्यानंतर सुरुवातीला हात बहुधा लुळा असतो. पुढच्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचा ताठरतो, कोपर दुमडतं, मूठ वळते. दोन्हींत हाताळणी वेगळी.

लुळ्या हाताचा खांदा स्नायूंनी धरलेला नसतो. नुसता लोंबत राहिला तरी सांधा खाली सरकतो. तो हात धरून ओढून उठवणं किंवा काखेत हात घालून उचलणं, घरी सर्वांत जास्त नुकसान यानेच होतं. खुर्चीत बसवलं की कोपरापासून बोटांपर्यंत हात उशीवर हवा. ताठर हाताला झटका द्यायचा नाही. पटकन ओढलं तर तो आणखी आवळतो. सावकाश, दमादमाने उघडायचा. आणि महिनोन्‌महिने हलवलाच नाही तर सांधा आखडतो, मग ताकद परत आली तरी तो उघडत नाही. म्हणून लुळा असतानाच रोज दोनदा प्रत्येक सांधा हलक्या हाताने, दुखेल तिथे थांबून, फिरवून घ्या. खांदा फिरवायची पद्धत मात्र फिजिओकडून समोर बघून शिका.

उजव्या मेंदूच्या झटक्यात आणखी एक दिसतं. काही रुग्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डावा हात कुशीखाली दबला तरी कळत नाही. ‘हट्टीपणा करतात’ असं घरच्यांना वाटतं, पण तो आजाराचाच भाग आहे. कूस बदलताना आधी डावा हात कुठे आहे ते बघायला मावशींना सांगा.

जिन्यावरून नेताना दणकट खुर्चीत बसवून दोघांनी खुर्ची उचलायची. डावा हात मांडीवर ठेवून ओढणीने सैलसा बांधा, नाहीतर कठड्यावर आपटतो.

खाडिलकर_रोड:
दोघांचेही मनापासून आभार. आई रोज तेलाने मालिश करायचं म्हणतेय. चालेल?

फिजिओ_परळ:
हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, ताकद मात्र त्याने येत नाही. एकच पोटरी सुजली, गरम लागली किंवा दुखली तर अजिबात रगडू नका. तिथे रक्ताची गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, आणि दम लागत असेल तर क्षणभरही थांबू नका. पुढच्या व्यायामासाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था तुम्हाला जवळ आहे.

शब्दांकित:
कागदावर मोठ्या अक्षरांत असं लिहा:

‘डावा हात लुळा आहे, ओढू नये. डावा पाय अशक्त आहे. सरकवायला सांगावं, लगेच मदत करू नये. दर दोन तासांनी कूस बदलावी. पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. माकडहाड, कंबर, टाच रोज बघावी. लाल डाग बोटाने दाबून पांढरा झाला नाही तर घरच्यांना लगेच सांगावं. पाणीसुद्धा ताठ बसवूनच द्यावं, ठसका लागला तर थांबावं.’

शेवटच्या ओळीबद्दल एक. गिळण्याची तपासणी झाली आहे का, हे घरी आणण्याआधी डॉक्टरांना विचारा. झाली नसेल तर करून घेतल्याशिवाय पातळ पदार्थ देऊ नका.