संशयावरून अमली पदार्थांची चाचणी: चालकाला नकार देता येतो का?

प्रश्न: नशेत वाहन चालवल्याच्या संशयावरून पोलिसांनी थांबवले, तर लाळेचा किंवा रक्ताचा नमुना देण्यास चालक नकार देऊ शकतो का? डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या घेणाऱ्याने काय करावे?

उत्तर १: मौन बाळगण्याचा हक्क आणि नमुना नाकारण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोकांची गल्लत नेमकी इथेच होते. कुठून आलात, काय घेतले, या प्रश्नांना उत्तर देणे बहुतेक ठिकाणी टाळता येते. परंतु सबळ कारणाशिवाय नमुना न देणे हा अनेक देशांत स्वतंत्र गुन्हा असून त्याची शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच कडक असू शकते. नकार देण्यापूर्वी वकिलाशी बोलू देण्याची मागणी जरूर करावी, मात्र तेवढ्यासाठी चाचणी थांबेलच असे नाही.

उत्तर २: रस्त्यावरील लाळेची चाचणी प्राथमिक असते, न्यायालयात सहसा प्रयोगशाळेतील रक्ततपासणीला वजन असते. लघवीत गांजाचे अंश नियमित सेवन करणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडे सापडतात, त्यामुळे त्यावरून वाहन चालवताना नशा होती हे सिद्ध होत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ पासून मात्र रक्तातील ठरावीक मर्यादा ओलांडणे हाच गुन्हा आहे. तेथे गांजासाठी ती लिटरमागे २ मायक्रोग्रॅम, म्हणजे अगदीच थोडी आहे.

उत्तर ३: औषधाची चिठ्ठी सोबत ठेवावी. ती बचावाला उपयोगी पडते, पण गुंगी येत असताना वाहन चालवण्याचा तो परवाना नव्हे.