फुलपाखरं पिंजऱ्यात वाढवून सोडली तर बाहेरची संख्या खरंच वाढते का?

रानवाट
लिंबावरच्या आणि रुईवरच्या अळ्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढवतो आहे. बाहेर अंड्यापासून फुलपाखरापर्यंत शंभरातली पाच-दहाच पोचतात म्हणे. पिंजऱ्यात ऐंशीच्या वर पोचतात. पुढच्या हंगामात एक मादी ठेवून, तिचीच अंडी वाढवून, त्यांच्यातच पुन्हा जोड्या लावून २००-३०० सोडायचा विचार आहे. यात बाहेरच्यांचं काही नुकसान होतं का? शिवाय यंदा काही अळ्या काळ्या पडून जाळीला उलट्या लोंबकळल्या आणि काहींचे पंख चुरगळलेलेच राहिले, ते कशाने?

खवले
शेवटून सुरू करतो, कारण पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

काळी पडून उलटी लोंबकळणारी आणि हात लावताच फुटून घाण पाणी सोडणारी अळी म्हणजे बहुतेक वेळा विषाणू, शेतीवाले ज्याला एनपीव्ही म्हणतात तो. एका अळीत त्याचे कोट्यवधी कण असतात. ती फुटली की ते पानांवर सांडतात आणि तेच पान शेजारची खाते. बाहेर एका झाडावर दोन-चार अळ्या असतात, पिंजऱ्यात चाळीस. पुढचं तुम्ही पाहिलंच आहे.

पंखांचं साधं कारण म्हणजे चढायला खरखरीत जागा नसणं. कोषातून निघालेलं फुलपाखरू लटकून पंखांत द्रव भरतं. गुळगुळीत प्लास्टिकवरून ते घसरलं तर पंख आहेत तसेच वाळतात. दुसरं कारण वाईट: ओई, म्हणजे ऑफ्रिओसिस्टिस इलेक्ट्रोस्किरा हा एकपेशीय परजीवी. तो मोनार्क (अमेरिकेतलं लांब स्थलांतर करणारं फुलपाखरू) आणि त्याच्या भाऊबंदांवर जगतो. रुईवालं त्या भाऊबंदांतलंच, म्हणून रुईवाल्यांत शंका घ्यावी, लिंबावाल्यांत नाही. मादीच्या पोटावरच्या खवल्यांत त्याचे बीजाणू असतात, अंडी घालताना ते अंड्यांवर आणि पानांवर झडतात. अळी बाहेर येताच अंड्याचं कवच खाते आणि पहिल्याच घासाला लागण होते.

तपासायचं असेल तर पारदर्शक चिकटपट्टी पोटाला हलकेच टेकवा, पांढऱ्या कार्डावर डकवा आणि १०० पटीच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. खवला सुपाएवढा दिसतोय असं धरलं तर बीजाणू लिंबाएवढा, आणि लिंबाच्याच आकाराचा.

आता नुकसानीचं. कमी लागण झालेलं फुलपाखरू दिसायला ठणठणीत असतं. बाहेर अशांतली पुष्कळ आधीच गळतात. पिंजऱ्यात ती सगळी जगतात आणि तुम्ही ती हाताने सोडता.

पिढीजात
जोड्या लावायचा बेत सोडून द्या. एका मादीची ३०० अंडी म्हणजे ३०० भावंडं. त्यांच्यातच जोड्या लावल्या तर पुढच्याच पिढीत अंतःप्रजननाचा, म्हणजे जवळच्या नात्यात जोड्या लागण्याचा, गुणांक ०.२५, म्हणजे फार जास्त. पहिला परिणाम दिसतो तो न उबणाऱ्या अंड्यांत. फिनलंडच्या आलांद बेटांवर ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी या फुलपाखराच्या छोट्या वस्त्यांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला, त्यात अंतःप्रजनन जास्त असलेल्या वस्त्या नामशेष होण्याचा धोका जास्त निघाला.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. पिंजराही निवड करतो. तिथे गर्दी सोसणारी, फार न उडणारी, कोपऱ्यातच जोडी जमवणारी फुलपाखरं यशस्वी ठरतात. २०१९ च्या प्रयोगात व्यावसायिक पैदाशीची मोनार्क स्थलांतराच्या हंगामातही दक्षिणेची दिशा धरेनात. रानातल्यांची पिल्लं घरात वाढवली तर तीही चुकली. २०२० मध्ये पिंजऱ्यातल्यांची पकड दुबळी, रंग फिका आणि पुढचे पंख कमी लांबट आढळले. अर्थात २०२१ मध्ये ट्रान्समीटर लावून सोडलेल्यांतली बहुतेक नंतर दक्षिणेकडेच गेली, तेव्हा सगळी वाया जातात असं म्हणणंही चूक.

रानवाट
जोड्या रद्द. पण मग वाढवूच नये का? पाच-दहा अंडी आणून वाढवली तर काय काळजी घ्यावी?

पानपिशवी
पाच-दहा खुशाल वाढवा. मोनार्कवाल्या संस्थाही साधारण हाच आकडा देतात, वर्षाला एका घरात दहापर्यंत. संरक्षित जातीला मात्र परवानगीशिवाय हात लावू नका.

अंडं पानासकट आणा, आणि आठवणीसाठी झाड कुठलं ते लिहून ठेवा. रुईवरच्या अंड्याच्या टोकाला काळा ठिपका दिसला तर ते अळीचं डोकं, उद्या बाहेर येईल. अख्खं अंडंच काळं झालं तर आत ट्रायकोग्रामा, म्हणजे अंड्यात वाढणारी इवलीशी परजीवी गांधीलमाशी आहे, ते परत झाडावर ठेवा. तोही त्याच रानाचा.

एका डब्यात एकच अळी. अर्धा लिटरचा डबा पुरतो, झाकणाऐवजी जाळीचं कापड. तळाला टिश्यू, रोज बदलायचा. लेंड्या ओल्या राहिल्या की बुरशी आलीच. पानं धुऊन पूर्ण कोरडी करून द्या. नर्सरीतल्या नव्या रोपाची पानं नकोत, मुळातून भिनलेलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक असतं कधीकधी. अळी हिरवं ओकते, थरथरते आणि मरते.

कोष करायच्या आधी अळी पातळ शी करून सैरावैरा फिरते. तो आजार नाही, तेव्हा काडी द्यायची वेळ झाली. रुईवाली उलटी लटकते, लिंबावाली कमरेला रेशमाचा पट्टा बांधून तिरकी टेकते. हा पट्टा तुटून कोष पडला तर जाड कागदाचा शंकू करून त्यात डोकं वर ठेवा, तोंडाशी चढायला खरखरीत काडी लावा.

डबे बाहेर सावलीत ठेवा, पाऊस आणि मुंग्या लागणार नाहीत असे. खोलीतल्या दिव्याखाली आणि एसीत दिवस-रात्रीचा हिशेबच चुकतो. फुलपाखरू निघाल्यावर लाल-तपकिरी थेंब टाकेल, घाबरू नका. पंख वाळायला तीन-चार तास द्या, मग कोरड्या उन्हात, अंडं आणलं त्याच झाडापाशी सोडा.

फेरी संपली की डबे धुऊन, एक भाग घरगुती ब्लीच आणि चार भाग पाण्यात चार तास बुडवा. अल्कोहोलने ओईचे बीजाणू मरत नाहीत.

खवले
संख्येबद्दल एक राहिलं. मादी शेकड्याने अंडी घालते आणि वस्ती स्थिर राहायला त्यातली सरासरी दोनच जगावी लागतात. म्हणजे अडतं ते अंड्यांवर नाही, बहुधा अळ्यांच्या झाडांवर. तीच झाडं असताना वर ३०० सोडली तर पुढची पिढी पानांवरच भांडते.

लार्ज ब्लू या फुलपाखराचं उदाहरण बघा. ब्रिटनमधून ते १९७९ साली गेलं. संग्राहकांपासून वाचवायला काही जागांना कुंपण घातलं होतं, त्याने उलट चरणारी गुरं बाहेर राहिली, गवत वाढलं, जमीन थंड झाली आणि ज्या लाल मुंगीच्या वारुळात त्याची अळी वाढते ती मिर्मिका सॅब्युलेटी निघून गेली. त्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांना हे उमगलं तेव्हा फार उशीर झाला होता. १९८३ पासून स्वीडनमधून आणून सोडलेली टिकली, पण आधी चराई परत आणून गवत आखूड केलं तेव्हा.

तुमच्याकडे जागा असेल तर आणखी दोन रुई आणि एक लिंबू लावा. छाटताना आधी कोवळी पानं उलटून बघा, अंडी तिथेच असतात.