लाँगहॉर्न्स : 4 जानेवारी 2006 चा सामना खरा कुठे फिरला?

खिल्लारवाला (नाशिक)

ऑस्टिनला शिकलेल्या, राहिलेल्या मंडळींसाठी हा धागा काढतोय. टेक्सास विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, म्हणजे लाँगहॉर्न्सचा, विषय निघाला की गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते. पासाडीनाचा रोझ बोल सामना, 19 सेकंद बाकी, चौथा डाउन (म्हणजे चौथा आणि शेवटचा प्रयत्न), आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) व्हिन्स यंग उजव्या कोपऱ्याकडे धावत सुटला आणि यूएससीचा (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा) खेळ खलास. त्या धावेचं कौतुक मलाही आहेच. त्या रात्री पठ्ठ्याने 200 यार्ड धावून आणि 267 यार्ड पासवर काढले. एका माणसाने एवढं खेळलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. पण माझं ठाम मत आहे की सामना त्याच्या दोन मिनिटं आधी फिरला होता आणि तो फिरवला आपल्या डिफेन्सने.

आठवून बघा. यूएससी 38, आपण 33. चेंडू त्यांच्याकडे, आपल्या 45 यार्डांच्या रेषेवर, चौथा डाउन आणि गरज फक्त दोन यार्डांची. (खेळ नवीन असलेल्यांसाठी: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. म्हणून चौथ्या प्रयत्नात बहुतेक संघ लाथ मारून चेंडू लांब धाडतात.) त्यांचे प्रशिक्षक पीट कॅरल यांनी लाथ मारायची नाही असं ठरवलं. सलग 34 सामने जिंकून आलेला संघ, दोन यार्डांसाठी कशाला घाबरेल? लेनडेल व्हाइट शंभरावर यार्ड धावला होता, तीन टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं, सहा गुण) त्याच्या नावावर होते, आपल्याला तो आवरतच नव्हता. हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) जिंकलेला रेजी बुश त्या क्षणी मैदानाबाहेर उभा होता, त्यामुळे चेंडू कुणाकडे जाणार हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला कळत होतं. मधली फळी हलली नाही, मायकल हफ पुढे घुसला आणि व्हाइट एक यार्ड अलीकडे गाडला गेला. तिथून घड्याळात दोन मिनिटं नऊ सेकंद आणि चेंडू यंगच्या हातात.

हिवाळ्याच्या सुट्टीत घरी न गेलेले आम्ही सगळे रिव्हरसाइडच्या एका अपार्टमेंटमध्ये दाटीवाटीने बसलो होतो. व्हाइट अडला तेव्हा नागपूरचा एक मित्र उठून उभा राहिला आणि म्हणाला, "जिंकलो. आता फक्त वेळ लागंल." बाकी कुणाला अजून श्वास घ्यायला सुचत नव्हतं. मध्यरात्री ग्वाडलूपवर लोटलेली गर्दी, केशरी उजळलेला विद्यापीठाचा टॉवर, त्याच्या खिडक्यांतून पेटवलेला मोठा 1, हे सगळं त्यानंतर.

तुमच्या मते सामना कुठे फिरला? आणि त्या 2005 च्या हंगामाच्या आधीचे-नंतरचे, तुमच्या मनात घर करून बसलेले सामने कोणते? सविस्तर लिहा.

ह्यूस्टनचे काका

नाशिककर, मुद्दा पटला, पण अर्धाच. व्हाइट अडला हे खरं, पण पुढच्याच चालीत आपण तिसऱ्या डाउनवर 12 यार्ड मागे अडकलो होतो. यंगने क्वॅन कॉस्बीला छोटा पास दिला, त्यात सातच यार्ड मिळाले. तेवढ्यात यूएससीच्या खेळाडूने त्याची फेसमास्क (हेल्मेटची जाळी) धरून ओढली आणि आपल्याला नवा डाउन मिळाला. ती शिट्टी वाजली नसती तर? माझ्यासाठी सामना तिथे फिरला.

1969 बद्दल थोडं लिहितो, कारण हल्लीची मुलं 2005 च्या मागे जातच नाहीत. 6 डिसेंबर, फेएटव्हिल, आर्कान्सा 14, टेक्सास 0, शेवटचा क्वार्टर सुरू. राष्ट्राध्यक्ष निक्सन प्रेक्षकांत. जेम्स स्ट्रीटने 42 यार्ड धावून टचडाउन केला, वर दोन गुण. मग चौथा डाउन, तीन यार्ड बाकी, आणि वर्षभर संघाला चेंडू घेऊन धावायलाच लावणारे आपले प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांनी लांब पास सांगितला. रँडी पेशेलने 44 यार्डांवर तो झेलला. शेवटी आपण 15-14 ने जिंकलो.

पण हेही लिहिलंच पाहिजे: त्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ज्युलियस व्हिटियर मुख्य संघातून खेळला तो 1970 मध्ये. 2005 चा हंगाम मला मोठा वाटतो त्यात याचा वाटा आहे. ह्यूस्टनच्या मॅडिसन हायस्कूलमधून आलेला यंग आमच्या शहराचा पोरगा, आणि अख्खं राज्य त्याच्या नावाने ओरडत होतं.

कॉलेज स्टेशनकर

मी समोरच्या गोटातला, टेक्सास ए अँड एमचा. तरी लिहितो, कारण मी पाहिलेला सगळ्यात मोठा सामना तुमच्याविरुद्धचाच आहे.

आमच्याकडे तुमच्या सामन्याआधी ओंडक्यांचा प्रचंड मनोरा रचून पेटवायची प्रथा होती. 18 नोव्हेंबर 1999 च्या पहाटे तो रचतानाच कोसळला. 12 जण गेले. मी तेव्हा तिथे एमएस करत होतो. आमच्या इमारतीत त्या आठवड्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. ऑस्टिनच्या विद्यार्थ्यांनी आमच्याविरुद्धची आपली नेहमीची रॅली रद्द केली आणि आमच्यासाठी मेणबत्त्या लावल्या. 26 तारखेला सामना झाला. मध्यंतरात तुमच्या बँडने डोक्यावरच्या टोप्या काढल्या आणि तसेच ते मैदानाबाहेर गेले. आमचं अख्खं स्टेडियम, काइल फील्ड, उभं राहिलं. ज्या बँडला आम्ही आयुष्यभर हुर्यो केलं, त्याच्यासाठी.

शेवटच्या मिनिटात आम्ही 20-16 ने पुढे, चेंडू तुमच्याकडे. तुमच्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटला, ब्रायन गँबलने तो पकडला, आणि उठून नाचण्याऐवजी गुडघ्यांवर बसून दोन्ही हात आकाशाकडे केले. माझ्या शेजारी बसलेल्या आजी हमसून रडत होत्या. त्यांनी माझा हात धरला होता, ओळख ना पाळख.

2011 नंतर आपला सामनाच बंद झाला याचा मला फार त्रास झाला. 2024 ला परत सुरू झाला. 17-7 तुम्ही जिंकलात, पण सामना झाला हे महत्त्वाचं.

मुळाकाठची

काका, दादा, सगळ्यांचं वाचून अंगावर काटा आला. कॉलेज स्टेशनकर, विशेषतः तुमचं.

माझा काळ आपला क्वार्टरबॅक कोल्ट मकॉयचा. 5 डिसेंबर 2009, आर्लिंग्टन, नेब्रास्का 12, आपण 10. सू नावाच्या त्यांच्या राक्षसाने मकॉयला अक्षरशः फेकून दिलं होतं. मकॉयने शेवटी चेंडू मैदानाबाहेर टाकला आणि घड्याळावर शून्य. नेब्रास्काचे लोक मैदानात धावले. पंचांनी परत पाहिलं आणि एक सेकंद बहाल केला. हंटर लॉरेन्सने 46 यार्डांवरून किक मारली. 13-12. माझ्या रूममेटचा नेब्रास्काचा भाऊ अजून तो सेकंद मानत नाही. मी मानते. चेंडू बाहेर पडला तेव्हा घड्याळ चालू होतं, एवढं सरळ आहे.

आणि 2008 चा सल माझ्या मनातून जात नाही. ओक्लाहोमाला आपण 45-35 हरवलं आणि तरी बिग 12 च्या (आपल्या तेव्हाच्या विद्यापीठ-गटाच्या) अंतिम सामन्यात तेच गेले. हे कसलं गणित!

खिल्लारवाला (नाशिक)

काका, फेसमास्कचं मान्य. पण तो दंड मिळायला चेंडू आपल्याकडे हवा होता, म्हणून मी व्हाइटवरच अडून बसणार.

कॉलेज स्टेशनकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या बँडमध्ये असलेल्या कुणी इथे लिहावं अशी फार इच्छा आहे.

2005 चा हंगाम ज्यांना पाहायचाय त्यांनी कोलंबसपासून सुरुवात करा. 10 सप्टेंबर, रात्रीचा सामना, ओहायो स्टेटच्या घरी, एक लाखावर माणूस, आपण 22-16 ने मागे. अडीच मिनिटांवर थोडा वेळ उरला असताना यंगने 24 यार्डांवर लिमास स्वीडला पास दिला. तो मागे झुकत पडला आणि चेंडू छातीशी. वर सेफ्टीचे (समोरच्याला त्यांच्याच टोकाच्या पट्ट्यात अडवल्याचे) दोन गुण, 25-22. तो झेल सुटला असता तर पासाडीनाचा प्रश्नच आला नसता. ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध मध्यंतराला 28-12 ने मागे होतो, तोही पाहा. कोलोराडोचा 70-3 वगळला तरी चालेल, त्यात बघण्यासारखं काही नाही.

बीवोबद्दल (संघाचं मानचिन्ह असलेला जिवंत लाँगहॉर्न बैल) कुणी लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. आमच्याकडच्या खिल्लार बैलाची शिंगं वर जातात, बीवोची तशीच लांब, पण आडवी पसरलेली. माझे वडील ऑस्टिनला आले तेव्हा सामन्यापेक्षा जास्त वेळ त्यालाच न्याहाळत होते, आणि हा जोताला चालेल का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. या आयडीचं नाव त्यावरूनच पडलं.

मुळाकाठची, 2008 मध्ये लबकला एक सेकंद बाकी असताना टेक्सास टेकच्या मायकल क्रॅबट्रीने आपल्याविरुद्ध जे केलं, त्यावर एखाद्या टेक्सास टेकवाल्याने लिहावं. 39-33 आहे, मला पाठ आहे. तिकडचं कुणी असेल तर हात वर करा.