भुरळ पडते, लळा लागतो, जीव जडतो : कोणाचं किती दिवसांत?

मानसशास्त्रावरचा एक लेख मराठीत करायला घेतलाय आणि एका साध्या वाक्यापाशी तीन दिवस अडून बसलेय. वाक्य एवढंच की इंट्रोव्हर्ट माणसं प्रेमात हळूहळू पडतात. मी लिहिलं 'अंतर्मुख व्यक्ती प्रेमात हळूहळू पडतात' आणि मोठ्याने वाचून पाहिलं तर कानाला खटकलं, कारण पडणं हे एका क्षणात होतं, हळूहळू पडायचं कसं?

मग वही काढून आपल्याकडे प्रेमाच्या सुरुवातीसाठी काय काय म्हणतात ते लिहीत गेले आणि प्रत्येकापुढे एकदा 'पाहताक्षणी' आणि एकदा 'हळूहळू' लावून बघितलं. तुम्हीही करून बघा. 'पाहताक्षणी भाळला' छान बसतं, 'हळूहळू भाळला' बसत नाही. 'भुरळ पडली' तसंच. 'लळा लागला'ला मात्र दिवस लागतात, पाहताक्षणी लळा लागला असं कोणी म्हणणार नाही. 'जीव जडला' दोन्हीकडे चालतं. आणि 'जीव लावला' हे तर सगळ्यांत वेगळं, कारण भुरळ त्याला पडते, लळा त्याला लागतो, म्हणजे ते त्याच्या बाबतीत घडतं, पण जीव 'त्याने' लावला, तिथे करणारा तो आहे. म्हणजे प्रेमाचा वेग आणि ते आपोआप झालं की केलं, हे दोन्ही आपण क्रियापदातच सांगून टाकतो आणि 'प्रेमात पडणे' हे एकच वापरून बाकीचं सगळं घालवून बसलोय असं मला मनापासून वाटतं.

तर प्रश्न असा की माणसाच्या स्वभावाला यातलं कुठलं क्रियापद लावायचं?

प्रतिसाद 1
ताई, तुमचं वाक्य 'पडणे'च्या आधीच अडखळलंय, 'अंतर्मुख'पाशी. आपण म्हणतो 'ते ऐकून मी अंतर्मुख झालो', म्हणजे थोडा वेळ स्वतःत डोकावून पाहिलं. ती अवस्था आहे, ती येते आणि जाते. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने 1921 साली अंतर्मुख आणि बहिर्मुख हे दोन प्रकार मांडले तेव्हा त्याला म्हणायचं होतं की माणसाच्या मनाचा ओढा मुळात आत असतो की बाहेर, त्याचा लाजण्याशी संबंध नव्हता. आणि आपण इंट्रोव्हर्ट म्हटलं की भिडस्त, बुजरा, घुमा, अबोल, मुखदुर्बळ, एकलकोंडा सगळे एकाच पोत्यात भरतो. भिडस्त माणूस चार लोकांत मजेत असतो, त्याला फक्त नाही म्हणता येत नाही, तो प्रेमात लवकर सापडतो उलट, कारण समोरच्याने पुढाकार घेतला की भिडेपोटी याचं पाऊल मागे जात नाही. घुम्याचं सगळं आत चालतं, त्याला पहिल्या दिवशीच झालं असेल आणि बाहेर कळायला वर्ष लागेल. आणि बुजऱ्याचं तर विचारूच नका, बुजणं हा शब्द बैलाघोड्यांचा, बुजलेलं जनावर जवळ यायला वेळ घेतं पण एकदा माणसाळलं की दावं सोडलं तरी अंगणातून हलत नाही. या तिघांना मिळून एक वेग कसा देणार?

प्रतिसाद 2
मी कोकणातला, भातशेती आहे घरची. आमच्याकडे भाताला हळवं, निमगरवं आणि गरवं म्हणतात. हळवं म्हणजे लवकर तयार होणारं, कर्जत 184 सारखं, साधारण साडेतीन महिन्यांत कापणीला येतं, गरव्याला 140 दिवसांच्या वर लागतात. गरवं पाणी धरून ठेवणाऱ्या खोलगट जमिनीत लावतात, हळवं वरच्या खाचरात, जिथे पाऊस गेला की पाणी टिकत नाही. माझी आजी माणसांनापण हेच म्हणायची, 'तो गरवो आसा, त्याका येळ दी'. हळवा माणूस म्हणजे आपण नुसता भावनाप्रधान समजतो, पण शेतकऱ्याच्या तोंडात हळवं म्हणजे लवकर पिकणारं, आणि हळव्या मनाची माणसं लवकर प्रेमात येतात हे तर बघतोच आपण. मला तर इंट्रोव्हर्टला गरवा हाच शब्द आवडेल, त्यात कमीपणा काही नाही, एकलकोंड्यात आहे.

प्रतिसाद 3
गरवा!! सुंदर. 🙏 आमच्या नागपूरकडे हा अर्थ माहीतच नव्हता.

प्रतिसाद 4
मानसशास्त्र शिकवते म्हणून थोडं लिहिते. वेगाचा प्रश्न नुसत्या इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्टवर सुटत नाही. त्यापेक्षा जास्त कामाची गोष्ट म्हणजे माणूस जवळीक किती सहज घेतो. हेझन आणि शेव्हर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये वर्तमानपत्रातून प्रश्नावली छापून हे तपासलं होतं. साधारण 56 टक्के लोक जवळिकीत निर्धास्त निघाले, 25 टक्के अंतर राखणारे आणि 19 टक्के सतत धास्तावलेले, की हा मला सोडून तर जाणार नाही ना. पाहताक्षणी प्रेम, रात्रंदिवस तोच विचार, हे या तिसऱ्या गटात जास्त दिसलं. म्हणजे लवकर प्रेमात येणारा प्रत्येक जण मोकळ्या स्वभावाचा असतो असं नाही, कधी कधी आतली धास्तीच त्याला पळवत असते. तुमच्या क्रियापदांत बसवायचं तर याला भुरळ पडते म्हणण्यापेक्षा 'घोर लागतो' जवळचं आहे. अंतर राखणाऱ्यांबद्दल मात्र एक विनंती, त्यांना प्रेम होत नाही असं लिहू नका, त्यांना जवळ आलेलं माणूस जड जातं, भावना नसते असं नाही. आणि एमबीटीआय नावाच्या स्वभावचाचणीतले ते चार अक्षरी सोळा प्रकार हल्ली लग्नाच्या बायोडाटात पण येतात, त्यावरून कोणाचा वेग ठरवू नये एवढंच म्हणेन, बहुतेक माणसं अंतर्मुख-बहिर्मुखाच्या मधे कुठेतरी असतात, दोन टोकांना फार थोडी.

प्रतिसाद 5
लळा बद्दल शंका. लळा लहान मुलाचा, वासराचा, मांजराचा लागतो. नवरा-बायकोत किंवा प्रियकर-प्रेयसीत कोण म्हणतं? लेखात घातलात तर वाचणाऱ्याला वात्सल्य वाटेल.

धागालेखिका
शंका बरोबर आहे, लेखात लळा नाही घालणार. पण ज्याच्यासाठी तो शब्द मनात आला ते सांगते. माझा मामा पक्का घुमा. लग्न ठरवून झालेलं, पहिली दोन वर्षं मामीशी जेवायला वाढ आणि दिवा मालव यापलीकडे बोलणं नाही, मामी म्हणते मला वाटायचं यांना मी आवडलेच नाही. तिसऱ्या वर्षी तिला टायफॉइड झाला, उठून बसवेना, केसांचा गुंता झाला तेव्हा एका दुपारी मामा खोबरेल तेलाची वाटी कोमट करून घेऊन आला, उशाशी बसला आणि एक शब्द न बोलता खालून वर एकेक बट धरून गुंता सोडवत राहिला, तासभर तरी, आणि मग वेणी घातली, तिपेडी जमेना म्हणून दोनच पेड पिळून टोकाला चिंधी बांधली. मामी अजून सांगते, 'हे माझ्यावर भाळले नाहीत कधी, यांचा जीव लागत गेला, मलाच उशिरा दिसलं.'

'लागत गेला' हे तिचं. प्रतिसाद 1 म्हणतात तसं घुम्याला आधीच झालेलं असतं की खरंच हळूहळू होतं, हे मामालाही सांगता आलं नसतं बहुतेक. म्हणून मी वाक्यातून 'पडणे' काढलंच, आणि आता असं केलंय : 'अबोल स्वभावाच्या माणसाचा जीव सावकाश जडत जातो, आणि जडला तरी तो ओठांवर यायला आणखी वेळ लागतो.' मूळ वाक्यापेक्षा लांब झालंय पण खोटं नाही. 'गरवा' मात्र सोडवत नाहीये. कोकणाबाहेरच्या वाचकाला तळटीप न देता कळेल का? मावळात, इगतपुरीकडे, भंडारा-गोंदियात भात होतो तिथे उशिरा येणाऱ्या भाताला काय म्हणतात आणि ते माणसाला लावतात का, तिथल्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल, मजकूर शुक्रवारी द्यायचाय.

प्रतिसाद 6
मावळातला आहे. गरवं आमच्याकडेही भातालाच म्हणतात, माणसाला लावलेलं मी ऐकलं नव्हतं. पण आईला आत्ता वाचून दाखवलं तर ती लगेच म्हणाली, 'तुझे बाबा गरवेच की.' लिहा बिनधास्त.