चरणाशी बसायला आम्हालाही आवडतं, पण पुलाव कोण करणार?

नगरची_लेक
काल इथे एका ब्रदरनी लांबलचक पोस्ट टाकली. थोडक्यात काय, तर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यांची मार्था झालीय (येशू घरी आला तेव्हा मरीया त्याच्या चरणाशी ऐकत बसली, तिची बहीण मार्था कामात गुंतली आणि बोलणी खाल्ली, ती), कमिट्या, क्वायर, जेवणावळी, नुसती पळापळ, आणि प्रभूवरची प्रीती आटली. तेव्हा सेवा थांबवा, मरीयेसारखे चरणाशी बसा. खाली आमेनची ही रांग. मला राहवेना. अहो ब्रदर, वार्षिक सभेला पहिलं गीत सुरू होतं तेव्हा आमचं महिला मंडळ मागच्या शेडमध्ये कांदे चिरत असतं, संदेश ऐकायचा तो भिंतीपलीकडून, कुकरच्या शिट्ट्यांमधून. आणि प्रभुभोजनाचे ते इवलेसे ग्लास कधी धुतलेत? रस तळाला सुकून बसतो, करंगळीसुद्धा आत जात नाही, काडीला कापूस गुंडाळून एकेक पुसावा लागतो. आई ते करताना रेव्हरंड ना. वा. टिळकांचे ख्रिस्ती अभंग गुणगुणायची. ती प्रीती होती का सेवा, सांगा आता तुम्हीच. बायबलातलं योहान १२ पण काढा, मार्थाचा भाऊ लाजर मेलेल्यातून उठल्यावरच्या जेवणातही मार्था वाढतच होती, तेव्हा प्रभू तिला एका शब्दाने बोलला नाही.

पाळकाचा_मुलगा
ताई, पोस्ट माझीच. 'थांबवा'च्या आधी 'जरा' होतं, ते तुम्ही सोयीने गाळलंत. प्रकटीकरणात प्रभू इफिसच्या मंडळीला तुझे श्रम, धीर सगळं ठाऊक आहे म्हणाला, तरी पहिली प्रीती सोडलीस हे ऐकवलंच ना? शिष्य पेत्रालाही आधी तीनदा प्रीतीचंच विचारलं. माझे वडील पाळक. मयत, लग्न, बारसं, घरोघरच्या प्रार्थनासभा, माणूस घरात दिसायचा नाही. रिटायर झाले आणि प्रार्थनेला बसताच येईना, बायबल मांडीवर आणि डोळे फाटकाकडे, कोणी बोलवायला येतंय का. हे मी घरात बघितलंय. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, पण त्यांनीच पुढे लिहिलंय की आठेक वर्षं धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता.

केडगाव_लाइन
रमाबाई तुमच्याच अंगाशी येतायत साहेब. त्यांचं शारदा सदन निघालं १८८९ ला. तुमच्याच हिशोबाने ख्रिस्त भेटला १८९१ च्या आसपास. म्हणजे विधवांना घर आधी मिळालं. त्यांनी 'जरा' थांबायला हवं होतं का? आणि इफिसची पुढची ओळ खाल्लीत, पश्चात्ताप कर आणि पहिली कृत्यं कर. कृत्यं!

पाळकाचा_मुलगा
आणि १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुलींना रमाबाईंनी आपल्या केडगावच्या आश्रमात आणलं ते कधी? तो अनुभव आल्यावरच. अर्धं तुम्हीही खाताय.

वसईवाला
आमच्या कॅथलिकांतलं सांगतो. मदर तेरेसांची पत्रं २००७ ला छापून आली, कित्येक वर्षं आत नुसता काळोख, देव जवळ आहे असं वाटतच नव्हतं. तरी सकाळी उठून माणसं उचलत होत्या. उमाळा येईपर्यंत कोलकात्याच्या फुटपाथवरच्यांनी वाट बघायची होती का?

नगरची_लेक
फादरना सांगून हेच आमच्याकडे वाचायला लावा 😄

तरुणसंघ_माजी
हे सगळं ठीक पण मुद्दा स्वयंपाकघराचा आहे ना? केटरर लावा, विषय संपला.

केडगाव_लाइन
पैसे?

तरुणसंघ_माजी
नव्या साउंड सिस्टीमला कुठून आले? दोन माणसं आजारी असताना भेटायला कोणी जात नाही, पण स्पीकर असा की चौकातल्या रिक्षावाल्याला संदेश पाठ झालाय. पेटी-तबला काय वाईट होता.

क्वायरवाली
साउंडच्या नावाने बोटं मोडू नका, वर्गणी तरुणांनी काढली, पंच कमिटीने दमडी दिली नाही. आणि पेटी उंदरांनी कुरतडली तेव्हा तुम्ही कुठे होतात?

तरुणसंघ_माजी
कमिटीने मला काढलं होतं तेव्हा. का काढलं ते इथे लिहू?

नगरची_लेक
लिहू नका. कमिटीत बायका किती आहेत ते लिहा.

क्वायरवाली
एक. ती पण मिनिट्स लिहायला.

पाळकाचा_मुलगा
विषय कुठच्या कुठे नेलात. मदर तेरेसांचं मला खोडता येत नाही, मान्य, झालं समाधान? पण तसा काळोख सोसून टिकणारी माणसं हजारात एक, बाकीचे माझ्या वडिलांसारखे आतून रिकामे होतात, त्यांच्यासाठी लिहिलं होतं. ताई, संदेशाचा आवाज मागे शेडमध्ये पोचत नसेल तर एक स्पीकर तिकडे लावायला सांगतो.

नगरची_लेक
स्पीकर! धन्य आहे ब्रदर. कांदे चिरायला दोन पुरुष पाठवा म्हटलं असतंत तर मीही आमेन लिहिलं असतं.

केडगाव_लाइन
केटररचं मात्र नाताळाच्या आधी काढू नका, शेडचे पत्रे गळतायत, ते पैसे आधी तिकडे.